नायट्रिक ऑक्साइडची कडी

मंडळी, कोल्हापुरात नायट्रिक ऑक्साइडवर बोलायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न जिमला जाणाऱ्या पोरांकडूनच येणार, हे ठाऊक होतं. व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीच्या डब्यावर ‘एनओ’, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, असं ठळक छापलेलं असतं, त्यानं ताकद वाढते का? त्याकडे येतोच.

घरात हृदयाचा पेशंट असेल तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी तुम्हाला माहीत असेल. तिच्यातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि रक्तवाहिन्या सैलावतात. या वायूच्या निरोप्याच्या कामाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. त्यांनी उलगडलेल्या वाटेवर हा वायू एका एन्झाइममधल्या लोहाला जाऊन चिकटतो.

दुसरी वाट मात्र गंधकाची आहे. प्रथिनांत सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्याच्या टोकाला गंधक. त्यावर नायट्रिक ऑक्साइडचा गट बसला की झालं एस-नायट्रोसिलेशन. प्रथिनांवर हे घडतं, असं जोनाथन स्टॅमलर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं. पण हा बंध इतका नाजूक, की उजेडानंही तुटतो. मग मोजायचा कसा? २००१ मध्ये जॅफ्री आणि स्नायडर यांनी युक्ती काढली: तो गट काढून त्याच जागी बायोटिन हे सहज सापडणारं जीवनसत्त्व बसवायचं आणि ते हुडकायचं. त्यानंतर अशा प्रथिनांची यादी भराभर वाढली.

कॅस्पेज-३ घ्या. पेशीला आत्मनाशाकडे नेणारं हे एन्झाइम. पेशी निवांत असते तेव्हा त्याच्या मोक्याच्या सिस्टीनवर हा गट बसलेला आढळतो. दाराला कडी घालावी तसा. मरणाचा संदेश आला की थायोरेडॉक्सिन नावाचं दुसरं प्रथिन ती कडी काढतं. माझ्या मते या विषयातली सगळी गंमत काढण्यातच आहे, आणि नेमकी तीच लोक विसरतात.

दम्याचं बघा. दमेकऱ्याच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड बऱ्याचदा जास्त सापडतो. डॉक्टर त्याची तपासणीही करतात. तरी श्वासनलिका आवळलेलीच! कारण तिला सैल ठेवणारा एस-नायट्रोसोग्लुटाथायोन, म्हणजे गंधकावर हाच गट बसलेला एक छोटा रेणू, तिथं कमी पडतो. त्याला मोडणारं एन्झाइम दम्यात जास्त जोरात चालतं, असं दिसलंय. म्हणजे वायू भरपूर, पण कडी टिकत नाही.

पार्किन्सनमध्ये उलटा प्रकार. खराब प्रथिनं निकालात काढायला मदत करणाऱ्या पार्किन या प्रथिनावरच हा गट नको इतका बसतो आणि त्याचं काम बिघडतं. २००४ मध्ये हे रुग्णांच्या मेंदूतही आढळलं.

आता पैलवान मंडळींकडे येतो. स्नायूत कॅल्शियम सोडणारी एक वाहिनी असते. स्नायुक्षयाच्या उंदरांत तिच्यावर हे गट फार चढलेले दिसले; तिथून कॅल्शियम गळतं आणि स्नायू कमकुवत होतो. तेव्हा ‘जितकं जास्त तितकं बरं’ हा हिशेब इथं लागू पडत नाही. शिवाय शरीर ज्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं ते डब्यातलं आर्जिनिन निरोगी पेशीत मुळातच पुरेसं असतं. बिटाची गोष्ट वेगळी: त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट जिभेवरचे जिवाणू करतात आणि पुढं शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतो. फक्त बीट खाण्याआधी जंतुनाशक माउथवॉशनं खळखळून चूळ भरू नका, नाहीतर ते कामगारच जागेवर राहायचे नाहीत.