लायलॅकची कात्री जूनमध्येच

(दृश्य : अमेरिकेतलं रोचेस्टर शहर, न्यूयॉर्क राज्य. मे महिन्याचा दुसरा आठवडा. हायलंड पार्कचा उतार.)

निवेदन :

हायलंड पार्कपाशी गाडीतून उतरलं की आधी वास येतो, झाडं नंतर दिसतात. या उतारावर लायलॅकची बाराशेच्या वर झुडपं आहेत, पाचशेहून अधिक जातींची. पांढरी, फिकट गुलाबी, निळसर, जांभळी, काही तर थेट वांगी रंगाची. १८९२ साली जॉन डनबार या बागतज्ज्ञांनी इथे वीस जाती लावून सुरुवात केली. आता दर मे महिन्यात इथे लायलॅकचा उत्सव भरतो आणि आख्खं शहर लोटतं.

आपल्याला मात्र जायचंय ते शेजारच्या गल्ल्यांमध्ये, घरांच्या मागच्या अंगणात. कारण लायलॅक हे मुळात घराचं झाड आहे.

(दृश्य : फुलोऱ्याचं जवळून चित्रण. एकेक फूल.)

फूल नीट बघा. लांबट नळी, टोकाला चार पाकळ्या. अशी शेकडो फुलं मिळून एक तुरा. पानं हृदयाच्या आकाराची, जोडीजोडीने समोरासमोर. आपल्या मोगऱ्याचं, जाईजुईचं, पारिजातकाचं जे कुळ, तेच याचंही. वास घेतल्यावर ओळखीचं काहीतरी वाटतं, ते उगाच नाही.

मूळ गाव आग्नेय युरोपातल्या बाल्कनचे खडकाळ डोंगर. तुर्की बागांमधून सोळाव्या शतकात ते व्हिएन्नाला आलं आणि तिथून युरोपभर पसरलं. अटलांटिक ओलांडणाऱ्यांनी ते बरोबर नेलं. अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या न्यू इंग्लंडमध्ये जंगलात फिरताना अचानक लायलॅकचं जाळं दिसलं, तर आसपास पाला बाजूला करून पाहावं. बहुतेक वेळा जुन्या घराच्या पायाचे दगड सापडतात. शेतं सोडून माणसं निघून गेली, घरं पडली, दाराशी लावलेलं झुडूप अजून फुलतं आहे. एवढं चिवट झाड. उणे चाळीस अंशांची थंडीही ते सोसतं.

मग इतक्या अंगणांतून एकच तक्रार का ऐकू येते? झाड हिरवंगार, पण फूल नाही.

(दृश्य : घरामागचं अंगण. कुंपणाशी उंच वाढलेलं, फुलं नसलेलं झुडूप.)

आधी ऊन बघायचं. दिवसाचं सहा तास थेट ऊन हवंच. लावताना जागा मोकळी असते, पंधरा वर्षांत शेजारचा मेपल वाढतो, सावली येते आणि लायलॅक गप्प होतं. मग खत. हिरवळीला घातलेलं नत्र पावसाबरोबर लायलॅकच्या मुळांशी जातं. झाड पानांवर जोर देतं, फुलं धरत नाही. चांगल्या जमिनीत वर्षाकाठी थोडं कुजलेलं खत भरपूर झालं. आणि सामू, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा (pH). लायलॅकला आम्लधर्मी माती मानवत नाही, साडेसहा ते सातच्या आसपासचा सामू आवडतो. माती तपासून घ्यावी आणि अहवालात सांगितलं असेल तरच, तेवढाच चुना घालावा. अंदाजाने नको.

पण आमच्या मते सगळ्यात जास्त फुलं जातात ती कात्रीने.

(दृश्य : जून. सुकलेला तुरा. एक हात फांदी वाकवून कॅमेऱ्यासमोर धरतो.)

इथे जरा थांबू या. हा तुरा मे महिन्यात फुलला, आता तपकिरी पडलाय. त्याच्या लगेच खाली पानांची जोडी आहे आणि त्या पानांच्या बगलेतून दोन कोवळे फुटवे निघालेत, बोटभर लांब. पुढच्या मे महिन्याची फुलं याच फुटव्यांच्या शेंड्यांवर येणार. उन्हाळाभर ते वाढतील, आणि थंडी पडायच्या आधीच टोकाशी टपोऱ्या कळ्यांची जोडी तयार होईल. आत पुढच्या वर्षीचा तुरा घडी घालून बसलेला असतो. हिवाळाभर तो तसाच राहतो.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हे चटकन उमगेल. घड दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर, पण काडीच्या डोळ्यात तो तयार होतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच. लायलॅकचंही गणित कित्येक महिने आधीच सुटलेलं असतं.

आता ऑक्टोबरमध्ये, बागेची आवराआवर करताना, कोणी झुडपाचा माथा गोल, सुबक कापला, की पुढच्या वर्षीची सगळी फुलं त्या कचऱ्याच्या पिशवीत गेली. झाडाला काही होत नाही, वसंतात पालवीही जोमाने येते. म्हणूनच चूक लक्षात येत नाही आणि पुढच्या शरदात पुन्हा कात्री चालते.

तेव्हा छाटणी फुलं उतरल्यावर लगेच. रोचेस्टरसारख्या हवेत म्हणजे जून उजाडताच, फार तर जून संपेपर्यंत. सुकलेला तुरा कापताना खालच्या त्या दोन फुटव्यांना धक्का लावायचा नाही. कात्री त्यांच्या अगदी वर.

(दृश्य : जुनं झुडूप. मनगटाएवढी जाड खोडं, फुलं फक्त शेंड्याला.)

झाड जुनं असेल, फुलं डोक्याच्या वर आणि खाली नुसती लाकडं, तर तीन वर्षांची योजना करा. दरवर्षी सगळ्यात जाड खोडांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत कापा. मुळाशी जे नवे कोंब येतात त्यातले दणकट ठेवा, बाकीचे काढा. तिसऱ्या वर्षी झुडूप तरुण झालेलं असतं आणि मधल्या काळात फुलंही पूर्ण थांबत नाहीत. सगळंच वीतभर ठेवून कापलं तरी लायलॅक पुन्हा उठतं, पण मग दोन-तीन वर्षं फुलांची वाट पाहावी लागते. आम्हाला पहिला मार्ग जास्त पटतो. एक गोष्ट मात्र तपासा : झाड कलमी असेल तर कलमाच्या जोडाखालून येणारे कोंब खुंटाचे, म्हणजे ज्या मुळांवर कलम बांधलं त्या दुसऱ्या झाडाचे असतात. ते ठेवले तर काही वर्षांत खुंटच राज्य करतो. म्हणून रोप विकत घेताना स्वतःच्या मुळांवरचं मागावं.

लागवड साधी आहे. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, खोली मात्र गोळ्याएवढीच. पाण्याचा निचरा चांगला हवा, लायलॅकला पाय ओले चालत नाहीत. भिंतीपासून दोन मीटर तरी दूर लावा. साधं लायलॅक चार-पाच मीटरही उंच जातं. पहिली दोन वर्षं आठवड्याला एकदा खोल पाणी. आणि फुलांसाठी तीन-चार वर्षांचा धीर.

(दृश्य : जुनं छायाचित्र. फ्रान्समधलं नॅन्सी शहर.)

ही दुहेरी पाकळ्यांची, भरगच्च तुऱ्यांची लायलॅकं आली कुठून, हेही सांगायला हवं. १८७० साली फ्रान्स-प्रशिया युद्धात नॅन्सी शहर शत्रूच्या ताब्यात गेलं होतं. तिथले रोपवाटिकाकार व्हिक्टर लमोइन यांनी त्या काळात लायलॅकच्या संकरावर काम सुरू केलं. त्यांची नजर अधू झाली होती, हात थरथरायचा. म्हणून शिडीवर चढल्या त्यांच्या पत्नी मारी लुईझ. इवल्याशा फुलांत त्यांनी एकेक करून पराग घातले. पहिल्या हंगामात हाती लागल्या मोजक्याच बिया. पुढे मुलगा आणि नातू याच कामात आले आणि या एका घराने दोनशेहून अधिक जाती जगाला दिल्या. नाव नवऱ्याचं झालं. शिडीवरच्या बाईंचं नाव घेतल्याशिवाय लायलॅकची गोष्ट सांगू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

अंगण लहान असेल तर ‘मिस किम’ लावा. १९४७ साली एल्विन मीडर यांनी कोरियाच्या डोंगरातून आणलेल्या बियांमधून ही जात निघाली. बेताची उंची, उशिरा येणारी फुलं आणि भुरी या बुरशीच्या रोगाला दाद न देणारी पानं.

(दृश्य : ऑगस्ट. पानांवर पांढरी पूड.)

भुरी, हो. ऑगस्टमध्ये साध्या लायलॅकची पानं पिठाने माखल्यासारखी होतात. बघवत नाही, पण झाडाला त्याने फारसं काही होत नाही. फवारणीच्या मागे लागू नका. झुडूप मधून विरळ करा, वारा खेळू द्या, गळलेली पानं गोळा करा. खोडाला भोक आणि खाली भुसा दिसला तर तो खोडकिडा, ती फांदी मात्र कापून टाकायची. एखाद्या वर्षी रोगाने पानं लवकर गळतात आणि सप्टेंबरात अवचित चार तुरे फुलतात. लोकांना आनंद होतो. पण ती पुढच्या मे महिन्याची फुलं असतात, आधीच उघडलेली.

(दृश्य : नकाशा. रोचेस्टरहून कॅलिफोर्निया, मग भारत.)

आता मराठी घरांतून हमखास येणारा प्रश्न : पुण्यात लावता येईल का? पुण्यात रोप जगेलही काही काळ, पण फुलणार नाही. कळ्या जाग्या व्हायला आधी कित्येक आठवड्यांची सलग कडक थंडी लागते. भारतात लायलॅक शोभतं ते काश्मीरमध्ये, आणि हिमालयाच्या उतारांवर तर त्याची स्वतःची रानटी जात आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी मात्र वाट आहे. लॉस एंजेलिसजवळच्या डेस्कान्सो उद्यानात कमी थंडीत फुलणारी लायलॅकं मुद्दाम तयार केली गेली. त्यातली ‘लॅव्हेंडर लेडी’ तिथल्या रोपवाटिकांत मिळते. तिथे सप्टेंबरअखेर पाणी हळूहळू तोडायचं, म्हणजे झाड विश्रांतीला जातं, आणि कळ्या फुगायला लागल्या की पुन्हा सुरू करायचं. कात्रीचा नियम तिथेही तोच, फक्त फुलं लवकर येतात म्हणून छाटणीही लवकर, तुरे सुकल्या सुकल्या.