दामदुप्पट

श्रोते हो, नमस्कार.

आजच्या भाषणाची सुरुवात मी एका जुन्या शब्दापासून करतो. तो शब्द म्हणजे 'दामदुप्पट'. हल्ली हा शब्द कानावर पडला की पैसे दुप्पट करून देतो असे सांगून गाशा गुंडाळणारी मंडळी आठवतात. परंतु जुन्या हिंदू कायद्यात दामदुप्पट हा कर्जदाराला संरक्षण देणारा नियम होता. मुद्दल शंभर रुपये असेल, तर थकलेले व्याज सावकाराला एका वेळी शंभराच्या वर मागता येत नसे, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हा नियम मानलेला होता. लोभाला घातलेल्या मर्यादेचे हे नाव पुढे लोभ चाळवण्यासाठी वापरले जाऊ लागले, याचे मला मनापासून दुःख वाटते. टपाल खात्यात 38 वर्षे नोकरी करून मी 2014 साली निवृत्त झालो. पैसा राखण्याविषयीच्या लोकांच्या कल्पना कशा बदलत गेल्या, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिले आणि त्या ओघात माझेही एक ठाम मत बदलले. त्याविषयी आज बोलणार आहे.

मी 1976 साली नोकरीला लागलो तेव्हा पाटण तालुक्यातील आमच्या भागात घरटी एक तरी माणूस मुंबईला, गिरणीत नाहीतर माथाडी कामाला असे. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मनीऑर्डरी येऊ लागत. फॉर्मच्या खालच्या चिठ्ठीवर चार ओळींचा मजकूर असे. बटवडा करणारा पोस्टमन तो वाचून दाखवी, घरची बाई अंगठा उठवी, आणि दोन-चार दिवसांनी तीच बाई बाजाराच्या दिवशी आमच्या खिडकीशी येऊन त्यातले दहा रुपये आवर्ती ठेवीत भरून जाई. पासबुक ती घरी नेत नसे. 'भाऊ, तुमच्यापाशीच राहू द्या,' म्हणे. नियमात ते बसत नव्हते, म्हणून मला दर वेळी तिला समजावून पासबुक परत द्यावे लागे. पण तिचा विश्वास खात्याच्या नियमावलीवर नव्हता, समोर बसलेल्या माणसावर होता, हे मला तेव्हाही कळत होते.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पहिले काही आठवडे आम्हाला फरक जाणवला नाही. नंतर मात्र टपालाची थैली महिन्यागणिक हलकी होत गेली, पैसे भरायला येणाऱ्या बायका पैसे काढायला येऊ लागल्या, आणि पुढे काढण्यासारखेही काही उरले नाही तेव्हा येईनाशा झाल्या. मुंबईहून परतलेल्या माणसांना त्या काळात वाटणीचे अर्धा एकर रान, भावाच्या घरातील चूल आणि त्या दहा-दहा रुपयांच्या ठेवी यांनी तारले. ठेवीतील रक्कम त्यांत सर्वांत लहान होती. भाऊ आणि रान नसते तर ती दोन महिनेही पुरली नसती.

1986 साली इंदिरा विकास पत्रे आली. पाच वर्षांत रक्कम दुप्पट होत असे. त्यानंतर 1988 साली किसान विकास पत्रे आली, तीही सुरुवातीला साडेपाच वर्षांत दुप्पट होणारी. या पत्रांनी खेड्यातील पैसा मडक्यातून आणि कणगीतून बाहेर काढला, हे त्यांचे मोठे काम होय. मात्र इंदिरा विकास पत्रावर धारकाचे नाव नसे. ते हरवले किंवा ओळखू न येण्याइतके खराब झाले, तर रोख नोट गमावल्यासारखेच होते. एका वृद्ध गृहस्थांनी बैल विकून आलेल्या पैशांची अशी पत्रे माझ्याकडून घेतली आणि घराच्या माळ्यावरील पेटीत ठेवली. मुदत पूर्ण झाल्यावर त्यांनी माझ्यासमोर एका फडक्यात बांधलेला वाळवीचा चुरा ठेवला. नियम मी त्यांना विक्रीच्या वेळी सांगितला होता, परंतु मागे रांग उभी असताना एका वाक्यात सांगितला होता. त्यांना तो समजला की नाही, हे मी विचारले नव्हते. ती चूक माझी होती आणि आजही ती मला सलते.

दुसरी चूक मी माझ्याच पैशांच्या बाबतीत केली. 2003 साली मी 60,000 रुपये तालुक्यातील एका पतसंस्थेत ठेवले. व्याज दोन टक्के जास्त होते. संचालकांपैकी तिघे माझ्या ओळखीचे, एक तर वर्गमित्र. ज्या विश्वासाने त्या बायका माझ्याकडे पासबुक ठेवू पाहत, त्याच विश्वासाने मी तेथे गेलो. चार वर्षांनी संस्थेचे दार बंद झाले. बँकेतील ठेवींना विम्याचे संरक्षण असते. तेव्हा ते प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत 1 लाख रुपयांचे होते, फेब्रुवारी 2020 पासून मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांचे आहे. सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पण पतसंस्थांना ते नाही. आयुष्यभर लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या मला हे पैसे बुडाल्यानंतर कळले. माझी निम्मी रक्कम आजवर परत आलेली नाही. ओळख म्हणजेच हमी, हा आमच्या पिढीचा समज होता. गावात सगळे एकमेकांच्या नजरेसमोर राहत, लग्नकार्याला एकत्र बसत, तोवर त्या समजाला काही आधार होता. तो आधार हळूहळू सुटला तरी समज मात्र आम्ही सोडला नाही.

शाळेत नाव घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख 1 जून लावली होती, त्यामुळे 31 मे 2014 रोजी मी निवृत्त झालो. मिळालेल्या रकमेतील 15 लाख रुपये मी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. तेव्हा दर 9.2 टक्के होता, म्हणजे दर तिमाहीला 34,500 रुपये हातात येत. 2019 मध्ये तीन वर्षांची मुदतवाढ घेतली तेव्हा दर 8.7 टक्के झाला होता. 2022 मध्ये नवे खाते उघडले तेव्हा तो 7.4 टक्के होता आणि तिमाहीचे व्याज 27,750 रुपयांवर आले. मुद्दल जसेच्या तसे होते, तरी आठ वर्षांत व्याज 6,750 रुपयांनी घटले होते, आणि त्याच आठ वर्षांत औषधांचे बिल वाढत गेले होते. पुढच्या वर्षी दर 8.2 टक्के झाला. तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वर्ष पूर्ण झाल्यावर खाते मोडले तर दीड टक्का, म्हणजे 22,500 रुपये कापले जाणार होते. उरलेल्या चार वर्षांत वाढीव दराने 48,000 रुपये अधिक मिळणार होते. मी खाते मोडून नवे उघडले. मुद्दलाला हात लावायचा नाही हेच सावध माणसाचे व्रत, असे मी पूर्वी मानत असे. त्या दिवशी ते व्रत मी मोडले आणि ते योग्यच केले.

परंतु माझे मत खऱ्या अर्थाने बदलले ते माझ्या मुलीमुळे. ती पुण्यात खाजगी कंपनीत नोकरी करते. दरमहा ती ठरावीक रक्कम शेअर बाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात घालते, हे समजल्यावर मी तिला बरेच बोललो. 1992 सालचा रोखे घोटाळा आणि त्यानंतर कोसळलेला बाजार मी पाहिला होता. गुंतवलेल्या पैशांच्या विवंचनेत माझे एक सहकारी आजारी पडले, तेही पाहिले होते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, 'बाबा, तुमच्या ठेवींच्या मागे तुमची पेन्शन उभी आहे. माझ्यामागे काय उभे आहे?'

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझ्या पेन्शनवर जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा महागाई भत्त्याची वाढ मिळते. तिच्यासारख्यांना कर्मचारी पेन्शन योजनेत 15,000 रुपयांच्या पगारमर्यादेवर 35 वर्षे नोकरी करूनही महिना सुमारे 7,500 रुपये मिळतील, आणि त्यांत महागाईनुसार वाढ होणार नाही. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तरी बारा वर्षांत वस्तूंच्या किमती दुप्पट होतात. 2023 साली ठरलेल्या 7.5 टक्के दराने किसान विकास पत्राची रक्कम दुप्पट व्हायला 115 महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. व्याजावरील कर वजा केला की या दोहोंतील अंतर फारच थोडे राहते. म्हणून माझ्यासाठी जी सावधगिरी आहे, तीच तिच्यासाठी जोखीम ठरू शकते. तिला अजून वीस वर्षे कमवायचे आहे, तिच्या हातात काळ आहे. माझ्या वयाच्या माणसाने मात्र औषधपाण्याचा पैसा बाजारात घालू नये, या मतावर मी ठाम आहे.

केंद्र सरकारने 1 जानेवारी 2004 पासून आणि आपल्या राज्याने 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीत आलेल्यांची जुनी पेन्शन बंद केली. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत मार्च 2023 मध्ये राज्यातील कर्मचारी संपावर गेले, तेव्हा माझ्या वयाच्या अनेकांनी त्यांना नावे ठेवली. मी ठेवली नाहीत. माझ्या कार्यालयातील डाक चढ-उतार करत वाडीवस्तीवर पोहोचवणारे ग्रामीण डाक सेवक, ज्यांना आम्ही त्या काळी ई.डी., म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणत असू, त्यांना तर माझ्यासारखी पेन्शन कधीच नव्हती. मनीऑर्डरचे पैसे पावसात छातीशी धरून नेणारा माझा एक सहकारी आज सत्तरीत दुसऱ्याच्या रानात राखणीला जातो. त्याला मी बचतीचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा?

आता या वयात राखण करायची ती फोनवरून येणाऱ्या चोरांपासूनही. पोलिसांच्या गणवेशात पडद्यावर दिसून 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असे कोणी सांगितले, तर श्रोते हो, अशी अटक कायद्यात नाही. फोन ठेवा, आणि पैसे गेले असतील तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर कळवा.

आमच्या घरात पैशांचे सर्व व्यवहार मीच पाहत असे. पत्नीला खात्यांची नावेही ठाऊक नव्हती, आणि मी तो माझा कर्तबगारपणा समजत होतो. त्या वृद्ध गृहस्थांच्या माळ्यावरच्या पेटीविषयीही त्यांच्या घरात कोणाला माहिती नव्हती, हे मला फार उशिरा आठवले. गेल्या दिवाळीपासून आम्ही एक वही केली आहे. कोणते खाते कोठे आहे, मुदत कधी संपते, नामनिर्देशन कोणाचे आहे, हे त्यात लिहितो. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने पैसे स्वीकारते, ती आपोआप मालक होत नाही. म्हणून मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा देणारे मृत्युपत्रही आम्ही करून ठेवले आहे. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला आम्ही दोघे एकत्र गेलो. परत आल्यावर पत्नीने वही मागून घेतली, चश्मा लावला, आणि त्या दिवसाची नोंद पहिल्यांदा तिच्या अक्षरात केली.

नमस्कार.