अंधारात ठेवलेली अंडी

नमस्कार मंडळी. आज पुणे केंद्रावरून रेशीम अळीविषयी बोलायचंय, तेही फक्त उजेडापुरतं. पाला आणि अनुदान यावर बोलून झालंय पुष्कळ.

माझं शेड इंदापूरकडे. पहिल्याच बॅचला मी शहाणपणा केला. अळ्या पिकल्या, म्हणजे कोष विणायला तयार झाल्या, तशा चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर सोडल्या, आणि रात्री नजर ठेवता यावी म्हणून दाराशी मोठा बल्ब लावला. पहाटे बघतो तर दाराकडची चंद्रिका जवळपास रिकामी, सगळी गर्दी भिंतीकडच्या अंधारात! दाटीत दोन-दोन अळ्यांनी मिळून एकेक कोष विणलेला. असल्या जोडकोषाचा धागा गुंततो, सरळ उलगडत नाही. भाव पडला. शेजारचे तात्या म्हणाले, "अळीला काय पेपर वाचायचाय का रं?"

आता विणताना सगळीकडे सारखा, मंद उजेड ठेवतो. एरवी संगोपनातही १६ तास मंद उजेड आणि ८ तास अंधार. ऊन थेट आत येऊ द्यायचं नाही.

पण उजेडाची खरी करामत अंड्यात. एका अंडीपुंजात, म्हणजे एका मादीनं घातलेल्या पुंजक्यात, साधारण ४०० ते ५०० अंडी. ती मागेपुढे फुटली की पंचवीस दिवस डोक्याला ताप. अळी चार वेळा मोल्टला, म्हणजे कात टाकायला बसते, तेव्हा खात नाही. निम्म्या मोल्टला, निम्म्या भुकेल्या. पाला घालायचा की थांबायचं?

म्हणून अंड्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला, म्हणजे आत अळीचं डोकं तयार झालं, की अंडी काळ्या कागदात गुंडाळायची. दोनेक दिवस. पुढे गेलेली अंधारात थांबतात, मागची त्यांना गाठतात. मग सकाळी कागद काढून उजेड दाखवला की थोड्याच वेळात काळ्या, केसाळ मुंग्यांसारख्या अळ्या वळवळू लागतात.

आणखी एक नवल. दुबार, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या जातीची अंडी २५ अंशांवर, भरपूर उजेडात उबवली, तर त्यांतून पुढे होणारी मादी झोपी जाणारी, म्हणजे लगेच न फुटता थांबून राहणारी अंडी घालते. १५ अंशांवर अंधारात उबवली, तर न झोपणारी. आईनं अंड्यात असताना जे सोसलं, ते लेकरांना लागतं!

माझी पुढची अंडी उद्या सकाळी उघडायची आहेत. घरी बजावून आलोय, मी येईपर्यंत कागदाला हात लावू नका. स्वारगेटहून गाडी गाठायचीय, तेव्हा रजा घेतो.