एक प्राध्यापक, सात विद्यार्थी

१५ मार्च १८७६. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं ग्रँड रॅपिड्स शहर. डच स्थलांतरितांची चर्च-मंडळी आज आपलेच पाळक, म्हणजे चर्चचे धर्मोपदेशक, खेर्ट एगबर्ट्स बूर यांना धर्मशास्त्राच्या प्राध्यापकपदावर बसवते आहे.

१८३४ मध्ये हॉलंडमध्ये ज्यांनी राजाश्रयाचं चर्च सोडलं आणि त्यासाठी दंड भरले, तुरुंगवास भोगला, त्यांचा वारसा सांगणारी ही माणसं. अमेरिकेत आल्यावर १८५७ मध्ये त्यांनी इथल्या जुन्या डच चर्चपासूनही फारकत घेतली. स्वतंत्र तर झाले, पण उपदेश करायला माणसं कुठून आणायची? सुरुवातीची काही वर्षं साऱ्या संप्रदायाला पाळक एकच होता, कूने फान डेन बॉस. हॉलंडला बोलावणं धाडायचं, समुद्रापलीकडून पत्र येण्याची वाट पाहायची, आणि बऱ्याचदा उत्तर यायचं, नकार.

म्हणून आपले पाळक आपणच घडवायला ही शाळा. विल्यम्स स्ट्रीटवरच्या एका शाळेची माडी, समोर सात विद्यार्थी. चार वर्षं भाषा आणि इतर विषय, मग दोन वर्षं धर्मशास्त्र. शिकवायचं डचमध्ये, आणि सुरुवातीला सगळा भार एकट्या बूर यांच्यावर.

या परंपरेत प्राध्यापकाचं पद म्हणजे नुसती नोकरी नव्हे. हॉलंडमधल्या डॉर्ट शहरात भरलेल्या चर्चच्या धर्मसभेपासून, म्हणजे १६१९ पासून, धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने संप्रदायाच्या विश्वासनाम्यांवर, म्हणजे श्रद्धेची तत्त्वं मांडणाऱ्या लेखांवर, सही करायची असते. यांच्याशी सुसंगत तेच शिकवीन, हा शब्द तो मंडळीला देतो. गवंडी, शेतकरी, सुतारकामगार अशी ही मंडळी. आपल्या पोरांची श्रद्धा ती या माणसाच्या हाती सोपवत होती.

बारा वर्षांनी, १८८८ मध्ये, याच शाळेत आणखी एक प्राध्यापक रुजू झाला. गेरहार्डस फॉस, वय २६. हा इथलाच विद्यार्थी. पुढे प्रिन्स्टन आणि बर्लिनला शिकला, स्ट्रासबर्गला अरबी हस्तलिखितावर डॉक्टरेट मिळवली. डच धर्मशास्त्रज्ञ आब्राहाम काइपर यांनी त्याला ॲम्स्टरडॅमच्या नव्या विद्यापीठात बोलावलं होतं. ते नाकारून तो आईवडिलांच्या गावी परतला. आठवड्याला वीसहून अधिक तास तो शिकवत असे.

१८९३ मध्ये फॉस प्रिन्स्टनला गेला. ग्रँड रॅपिड्सच्या वर्गांसाठी त्याने डचमध्ये लिहिलेली व्याख्यानं २०१२ ते २०१६ दरम्यान इंग्रजीत पाच खंडांत छापली गेली. बूर यांची शाळा आज कॅल्विन थिऑलॉजिकल सेमिनरी या नावाने त्याच शहरात चालू आहे.