पणजीचं माहेर

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात पणजीच्या माहेरच्या आडनावावरून दोन तट आहेत. मोठी आत्या म्हणते ढोबळे. काका म्हणतात ढोमणे. पणजीला पाहिलेलं दोघांपैकी कोणीच नाही.

लग्नात बाईचं आडनाव जातंच. बऱ्याच घरांत तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात, म्हणजे पाळण्यातलं नावही गेलं. कागदात शोधायचं तरी कोणाला?

आम्ही आधी तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. कोतवाल बुक, म्हणजे गावच्या कोतवालाकडची जन्ममृत्यूची नोंद. जातीच्या दाखल्यासाठी या बुकांवर लोकांच्या उड्या पडतात. पण सगळ्यांना हवा असतो बापाकडचा पुरावा. आजोबांच्या आईचं माहेर शोधतोय म्हटल्यावर बाबूंनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं.

१९१८. दसरा-दिवाळीचे दिवस. इन्फ्लुएंझाच्या साथीनं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात घरंच्या घरं रिकामी केली होती. मृत्यूच्या कारणाचा रकाना पाहा. ताप. ताप. ताप. पुढे लिहिणाऱ्याचा हातच थकला असावा, नुसत्या दोन उभ्या रेघा. त्यातच पणजी सापडली: पणजोबांचं नाव, वल्द त्यांचे वडील, 'यांची बायको'. वय पंचवीस. बस्स.

आजोबा तेव्हा सात वर्षांचे. त्यांना मामा घेऊन गेला. मामाच्या गावाचं नाव ते सांगत नसत. सांगायचे ते अंगणभर वाळत घातलेल्या लाल मिरचीचं आणि दिवसभराच्या शिंकांचं. उमरेडच्या बाजूला एवढी मिरची म्हणजे भिवापूर.

म्हणून आम्ही त्या भागातल्या जुन्या शाळा धरल्या. पोरगा मामाकडे शिकला असेल, तर दाखल-खारीज रजिस्टरात पालक म्हणून मामाच लागणार. तिसऱ्या शाळेत रजिस्टर निघालं. कडा वाळवीनं खाल्लेल्या. मुख्याध्यापिका बाई पोस्टकार्ड पानाखाली सरकवून एकेक पान उलटत होत्या.

आजोबांचं नाव आलं. जन्मतारीख बहुधा गुरुजींनीच ठोकून दिलेली. पालकाच्या रकान्यात मामाचं नाव, आणि कडेला आडनाव: 'ढोब'. पुढचं अक्षर वाळवीनं नेलं, पण 'ब' शाबूत होता.

तिथूनच आत्याला फोन लावला.

"ते मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "तिचं नाव काय होतं, ते सांग."