जुनापाणीची शिळावर्तुळं

नमस्कार श्रोतेहो. नागपूरहून काटोल रस्त्याला लागलं की १०-१२ किलोमीटरवर जुनापाणी येतं. तिथल्या माळावर सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची, लोहयुगातल्या माणसांची ही दफनं. काळ्या दगडांचं कडं आणि आत माती-मुरमाचा उंचवटा.

जायचं ते डिसेंबर-जानेवारीत, गवत वाळल्यावर. आणि सकाळी आठच्या आत पोचा. पुन्हा सांगते, आठच्या आत! काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेत. तिरप्या उन्हात त्यांत सावली भरते. ऊन वर चढलं की तोच दगड सपाट दिसतो. या काळ्या दगडाला, म्हणजे बेसाल्टला, लाव्हातल्या बुडबुड्यांची भोकंही असतात, पण ती लहानमोठी, कशीही विखुरलेली. कोरलेली वाटी गोल, बुडाशी गुळगुळीत, बहुधा ओळीत असते. हलकं बोट फिरवा, लगेच कळतं. शाळांच्या सहली वॉटर पार्कला नेण्यापेक्षा इथे आणाव्यात, मुलं हा फरक जन्मात विसरणार नाहीत.

आता माहुरझरीचा घोडा. हे गावही नागपूरजवळचंच. १९७० ते १९७२ मध्ये पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांनी तिथली वर्तुळं उत्खनन करून तपासली. माणसाच्या दफनात घोड्याची हाडं निघाली. नुसती हाडं नव्हेत, सोबत तोंडावर बसवायचा तांब्याच्या पत्र्याचा दागिना आणि लगामाचं, घोड्याच्या तोंडात अडकवायचं लोखंडी कडियाळंसुद्धा. पोळ्याला आपण बैलाला बाशिंग बांधतो ना, तसं या घोड्याला कुणीतरी नटवलं होतं. पत्रा ठोकून पातळ केला, घोड्याच्या तोंडाच्या मापाने कापला, मग बांधला. किती निगुतीचं काम! आणि हाडं बारकाईने तपासली, तर त्यांवर कापल्याच्या खुणा. म्हणजे घोडा म्हातारा होऊन मेला नव्हता. ज्या हातांनी त्याला सजवलं, त्याच माणसांनी त्याला मालकासोबत धाडलं. पुढच्या वेळी एखाद्या वर्तुळाच्या कडेला उभे राहाल, तेव्हा हा घोडा आठवा.

वर्तुळातला दगड बसायला ओढू नका, खळग्यांत खडू भरू नका. व्यास मोजायचा तर टेप समोरासमोरच्या दगडांच्या आतल्या कडेपासून धरा, आणि दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजा. एखादा दगड सरकलेला असतो. एकाच मापावर विसंबलं की वर्तुळ खोटं निघतं.