हँडब्रेक वर येतोय? केबल ताणण्याआधी ड्रम उघडा

नमस्कार मंडळी. आधी हा आवाज ऐका.

(हँडब्रेक ओढतो)

मोजलेत? दहा खटके. पूर्वी ही गाडी पाच-सहा खटक्यांत जागच्या जागी थांबायची. आता दहा खटके ओढूनही सोसायटीच्या उतारावर हळूच मागे सरकते.

अशा वेळी बहुतेक जण गॅरेजमध्ये जाऊन केबल ताणून घेतात. मीही दोनदा घेतली. दुसऱ्या वेळी आंबा घाट उतरून चहाला थांबलो, तर मागच्या चाकाजवळ जळका वास आणि ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा गोल डबा, हात लावू न देणारा. केबल इतकी ताणलेली होती की हँडब्रेक खाली असतानाही शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारी ब्रेकची वक्र पट्टी, ड्रमला घासत होता.

मारुती, ह्युंदाई, टाटाच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतो. तिथे पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक एकाच शूच्या जोडीवर चालतात. शू झिजला की दोन शूंमधला ॲडजस्टर आपोआप लांब होतो आणि शू-ड्रममधलं अंतर भरून काढतो. पण केबल ओढते तो हँडब्रेकचा ड्रममधला लिव्हर पूर्ण मागे येऊन टेकला, तरच त्याला हे करता येतं. केबल ताणून ठेवली की लिव्हर अर्धवट ओढलेलाच राहतो, ॲडजस्टर अडकतो आणि झीज तशीच झाकली जाते. म्हणून केबलला हात सगळ्यात शेवटी.

चला, कामाला लागू. सपाट जागा, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. जॅक फक्त उचलायला; गाडी टेकवायची ती स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातही घालायचा नाही. आता हँडब्रेक खाली सोडा आणि गाडीतल्या हँडब्रेकच्या दांड्याजवळचा केबलचा नट ढिला करा.

ड्रम निघत नसेल तर हातोडीने बडवू नका. बऱ्याच ड्रमवर दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. काही गाड्यांत ड्रममध्येच बेअरिंग असतं आणि मधला मोठा नट काढावा लागतो. तो परत किती आवळायचा हे मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय हात घालू नका.

ताई, कॅमेरा जरा खाली घे.

ही काळी धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनर मारून धूळ ओली करा आणि फडक्याने टिपा.

आता आधी फोटो काढा. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, कुठला शू पुढे, सगळं दिसलं पाहिजे. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे अडलात तर दुसरी बाजू नमुना म्हणून आहे. आणि ड्रम बाहेर असताना ब्रेकचं पेडल कुणीही दाबायचं नाही, शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतील. त्या सिलिंडरचं रबर हलकेच उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. तो दुरुस्त न करता नवे शू घातले तर तेही ब्रेक ऑइलने भिजून वाया जातील.

स्प्रिंग काढताना चष्मा हवाच. शू धरून ठेवणारी स्प्रिंग पक्कडीने दाबून पाव फेरी फिरवली की सुटते, पण मागून पिनवर बोट हवं. मागच्या शूवरचा हँडब्रेक लिव्हर काही सेटमध्ये जोडूनच येतो, काहींत जुन्या शूवरून काढून बसवावा लागतो. दुकानातच पेटी उघडून बघा. बॅकप्लेटवर, म्हणजे शूमागच्या स्थिर थाळीवर, शू जिथे घासतो त्या उंचवट्यांवर जास्त तापमानाचं ग्रीस नखाएवढं लावा. लायनरवर ग्रीसचं बोटसुद्धा नको. दोन्ही चाकांचे शू एकदमच बदला.

ड्रम जेमतेम घासत आत जाईल इतका ॲडजस्टर लांब करा. दुसरी बाजूही तशीच.

दोन्ही ड्रम बसलेत. ताई, आता गाडीत बसून पेडल दाब, वीस-पंचवीस वेळा. ऐकू येतंय? आतला ॲडजस्टर टिकटिक करत जागा घेतोय. हा आवाज थांबेपर्यंत दाबायचं.

आणि आता केबल. मॅन्युअलमध्ये दिलेल्या खटक्यांवर दोन्ही चाकं जाम व्हायला हवीत आणि हँडब्रेक खाली सोडला की हाताने मोकळी फिरायला हवीत. दुसरी चाचणी पहिलीइतकीच महत्त्वाची.

(सोसायटीचा उतार)

गिअर न्यूट्रल. एक, दोन, तीन, चार, पाच. पेडलवरून पाय काढतोय… गाडी जागेवर आहे. आठवडाभर चालवून खटके पुन्हा मोजेन, कारण नवे शू ड्रमला बसेपर्यंत थोडा फरक पडतो.